वाचकांचे प्रश्न : एक मिळवताना मध्येच कोण शिरले?

या महिन्याच्या टपालात काउंटर चुकल्याच्या तक्रारी बऱ्याच आल्या. बोर्ड वेगळे, भाषा वेगळ्या, दुखणे मात्र एकच. मेमरीतल्या आकड्यात एक मिळवायचा म्हणजे तो वाचायचा, वाढवायचा आणि परत लिहायचा. या तीन कामांच्या मध्ये दुसरे कोणी शिरले तर हिशोब बिघडतो. शिरणारा कोण आहे, इंटरप्ट (चालू काम थांबवून मध्येच धावणारे छोटे काम), दुसरा कोअर (त्याच चिपमधला दुसरा प्रोसेसर) की दुसरा थ्रेड (त्याच प्रोग्रामची समांतर चालणारी शाखा), हे आधी ठरवावे आणि मगच औषध निवडावे. प्रोसेसरच्या सूचनांची व फंक्शनांची नावे उच्चारानुसार छापली आहेत.

वाळपई : सत्तरीतल्या आमच्या कुळागरात टिपिंग बकेटचा पर्जन्यमापक बसवला आहे. एक टिप, म्हणजे बकेटचे एक कलंडणे, ०.२ मिलिमीटरची. टिपा कळवणारा रीड स्विच आर्डुइनो ऊनो बोर्डाच्या इंटरप्ट पिनवर आहे आणि इंटरप्टमध्ये सोळा बिटांचा काउंट एकाने वाढतो. मुख्य लूप सतत काउंटची प्रत घेतो आणि ती मागच्या प्रतीपेक्षा वेगळी असली की मेमरी कार्डावर पाऊस लिहितो. जुलैतल्या एका नोंदीत ५१.० नंतर एकदम १०२.२ आणि त्यापाठोपाठ ५१.२ असे आकडे आहेत. व्हेरिएबल व्होलटाइल आहे. स्विच बदलावा का?

स्विच ठीक आहे. १०२.२ ला ०.२ ने भागा, ५११ टिपा येतात. ५१.० म्हणजे २५५ आणि ५१.२ म्हणजे २५६. हे तीन आकडे शेजारी ठेवले की रोग कळतो.

ऊनोवरचा एटीमेगा ३२८पी आठ बिटांचा आहे. सोळा बिटांचा काउंट तो दोन हप्त्यांत वाचतो, आधी खालचा बाइट, मग वरचा. काउंट २५५ असताना खालचा बाइट २५५ आणि वरचा शून्य असतो. लूपने खालचा बाइट वाचला (२५५), तेवढ्यात बकेट कलंडली, इंटरप्टने काउंट २५६ केला, म्हणजे खालचा शून्य आणि वरचा एक. परत येऊन लूपने वरचा बाइट वाचला (१). जुना खालचा आणि नवा वरचा जोडून २५६ अधिक २५५, म्हणजे ५११ झाले. पुढच्या फेरीत दोन्ही बाइट नवे, म्हणून लगेच ५१.२. पुन्हा असे झालेच तर ते ५१२, ७६८ अशा २५६ च्या पटींवरच होईल. स्विचच्या थरथरण्याने एखाददुसरी टिप जास्त मोजली जाते, आकडा दुप्पट होऊन परत खाली येत नाही.

इतका नेमका योग कसा जुळला असे वाटेल. एक बाइट मेमरीतून आणायला दोन क्लॉक लागतात, १६ मेगाहर्ट्झवर १२५ नॅनोसेकंद. पण तुमचा लूप दुसरे काही न करता सारखे तेच वाचत बसला आहे. लूपची फेरी वीसेक क्लॉकची धरली तर त्यातले दोन क्लॉक धोक्याचे. दर २५६ टिपांनी दहात एक अशी ही सोडत निघते, आणि सत्तरीच्या पावसात ५१ मिलिमीटर व्हायला वेळ लागत नाही.

व्होलटाइलचे काम एवढेच, की कंपायलरने दर वेळी मेमरीतूनच वाचावे. ते वाचन अखंड होईल अशी हमी त्यात नाही.

उपाय असा. इंटरप्ट चालू की बंद हे सांगणारे स्टेटस रजिस्टर एसआरईजी बाजूला ठेवा, सीएलआय सूचनेने इंटरप्ट बंद करा, दोन्ही बाइट स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या, एसआरईजी होते तसे परत लिहा. शेवटी सरळ एसईआय (इंटरप्ट चालू करणारी सूचना) देऊन मोकळे होऊ नका. हेच फंक्शन उद्या इंटरप्ट आधीच बंद असलेल्या ठिकाणाहून बोलावले, तर तुम्ही तिथले इंटरप्ट नकळत चालू करून बसाल. एव्हीआर लिबसीच्या (या चिपकुळाच्या सी लायब्ररीच्या) ‘यूटिल/अ‍ॅटॉमिक.एच’ मध्ये यासाठी अ‍ॅटॉमिक-ब्लॉक हा मॅक्रो आहे. त्याला ‘रिस्टोअर-स्टेट’ हा पर्याय द्या, ‘फोर्स-ऑन’ नको. सगळे मिळून एका मायक्रोसेकंदाच्या आत उरकते. त्या काळात टिप पडली तरी हरवत नाही, तिचा फ्लॅग लागलेला राहतो आणि इंटरप्ट चालू होताच ती मोजली जाते. कार्डावर लिहिण्याचे काम मात्र या ब्लॉकमध्ये घालू नका. कार्डाला काही मिलिसेकंद लागतात आणि ऊनोचा मिलिस (वेळ सांगणारे फंक्शन) चालवणारा टायमर दर १.०२४ मिलिसेकंदांनी इंटरप्ट मागतो. तो चुकला की घड्याळ मागे पडते.

मध्यरात्री मुख्य लूपमधून काउंट शून्य करत असाल तर तेही थांबवा. वाचणे आणि शून्य करणे यांच्या मध्ये आलेली टिप कायमची जाते. काउंटवर फक्त इंटरप्टने लिहावे. मुख्य लूपने मागचा आकडा लक्षात ठेवून वजाबाकी करावी. चिन्हविरहित वजाबाकीत ६५५३५ नंतरचे शून्य आपोआप निभावते. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पडला तरी टिपा पंधरा हजारच होतात.

आमची पसंती याहून साध्या वाटेला आहे. काउंटर एकाच बाइटाचा ठेवा. एक बाइट एकाच सूचनेत वाचला जातो, इंटरप्ट बंद करण्याची गरजच उरत नाही. मुख्य लूप आताचा बाइट वजा मागचा बाइट करून फरक मोठ्या बेरजेत टाकतो. दोन वाचनांमध्ये २५५ पेक्षा जास्त टिपा होऊ नयेत एवढीच अट. फक्त सी भाषेत वजाबाकीपूर्वी दोन्ही बाइट इंटमध्ये बदलतात, म्हणून उत्तर परत आठ बिटांच्या चिन्हविरहित प्रकारात बसवा. नाहीतर २५५ नंतर शून्य आले की फरक एकऐवजी उणे २५५ येईल. आणि मुख्य लूपने या बाइटात एक मिळवायचा किंवा वजा करायचा मोह धरू नये. एव्हीआरची आयएनसी सूचना फक्त रजिस्टरवर चालते. मेमरीतला बाइट वाढवायला एलडीएस (वाचणे), मग बेरीज, मग एसटीएस (लिहिणे), असे पाच क्लॉक लागतात आणि इंटरप्टला आत यायला दोन फटी मिळतात.

म्हापसा : सभागृहाच्या दोन दारांवर सेन्सर आहेत. पिको बोर्डाचा एक कोअर एक दार सांभाळतो, दुसरा दुसरे. आत आला की एक अधिक, बाहेर गेला की एक उणे. सभागृह रिकामे झाल्यावर आकडा कधी उणे चार, कधी अधिक सहा. दोन्हीकडे इंटरप्ट बंद करूनच बेरीज करतो.

इंटरप्ट बंद केल्याने फक्त तोच कोअर शांत बसतो, शेजारच्याला त्याचा पत्ताही नसतो. आत ४१ माणसे असताना दोन्ही कोअरांनी ४१ वाचले, एकाने ४२ लिहिले, दुसऱ्याने ४०. जो नंतर लिहील त्याचे खरे. म्हणूनच चूक दोन्ही दिशांना जाते.

पिकोवरच्या आरपी२०४० मध्ये कॉर्टेक्स-एम०प्लस कोअर आहेत आणि त्यांना एलडीआरईएक्स-एसटीआरईएक्स ही, मध्ये कोणी लिहिले का ते ओळखणारी, वाचन-लेखनाची जोडी नाही. तिच्या जागी चिपमध्ये ३२ हार्डवेअर स्पिनलॉक (मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा मागत राहायची कुलपे) दिलेले आहेत. स्पिनलॉकचे रजिस्टर वाचले आणि शून्याखेरीज काही आले तर लॉक तुमचा, शून्य आले तर दुसऱ्याकडे आहे. काहीही लिहिले की तो सुटतो. क्रम पाळा: आधी आपल्या कोअरचे इंटरप्ट बंद, मग लॉक, मग बेरीज, मग लॉक सोडणे, शेवटी इंटरप्ट पूर्ववत. पहिले दोन उलटे केले, तर लॉक हातात असताना त्याच कोअरवर इंटरप्ट येऊन तोच लॉक मागेल आणि बोर्ड तिथेच गोठेल. पिकोच्या एसडीकेतले (अधिकृत लायब्ररीतले) ‘स्पिन-लॉक-ब्लॉकिंग’ हे फंक्शन हाच क्रम पाळते.

पण तुम्हाला लॉकची गरज नाही. चार काउंटर ठेवा: प्रत्येक कोअरचे ‘आत’ आणि ‘बाहेर’. प्रत्येकावर एकच लिहिणारा. नीट चारच्या पटीतल्या पत्त्यावर बसलेले ३२ बिट या कोअरवर एका सूचनेत वाचले आणि लिहिले जातात. दाखवताना दोन ‘आत’ मिळवा, दोन ‘बाहेर’ वजा करा. एकाच कोअरवर इंटरप्ट आणि मुख्य लूप दोघेही त्याच काउंटरवर लिहीत नाहीत, एवढे पाहा.

फर्मागुडी : अभ्यासक्रमात असेंब्ली आहे. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) मेमरीतला आकडा वाढवायला आयएनसी ही एकच सूचना पुरते. सूचना अर्ध्यावर तुटत नाही असे शिकलो. मग पुढे लॉक कशाला?

शिकलात ते इंटरप्टपुरते खरे आहे. इंटरप्ट दोन सूचनांच्या मध्येच घेतला जातो, म्हणून एकाच कोअरच्या यंत्रावर नुसती आयएनसी पुरत असे. अनेक कोअर आले की त्या एका सूचनेच्या पोटातले वाचणे, वाढवणे, लिहिणे वेगवेगळे दिसू लागते. लॉक हा एका बाइटाचा उपसर्ग आहे, एफ०. तो लावला की कोअर त्या आकड्याची कॅशे लाइन (कोअरजवळच्या वेगवान मेमरीतला तुकडा) स्वतःच्या ताब्यात घेतो आणि काम संपेपर्यंत इतरांना देत नाही. हल्लीच्या प्रोसेसरांत यासाठी सगळा बस (कोअर आणि मेमरी यांच्यातला मार्ग) अडवला जात नाही. अपवाद एक: आकडा ६४ बाइटांच्या दोन लाइनींच्या सीमेवर पसरला असेल तर खरोखरच बस अडतो आणि सगळे कोअर ताटकळतात. पॅक केलेल्या स्ट्रक्चरमध्ये काउंटर ठेवणाऱ्यांच्या नशिबी हे येते. लिनक्सच्या ५.७ आवृत्तीपासून कर्नल अशी सूचना पकडून इशारा देऊ शकतो, प्रोसेसरची साथ असेल तर.

लॉक कुठेही लावता येत नाही. मेमरीत लिहिणाऱ्या ठरावीक सूचनांनाच तो चालतो. एमओव्हीला किंवा रजिस्टरवरच्या आयएनसीला लावला तर अवैध सूचनेचा अपवाद येतो. उलट मेमरीशी केलेल्या एक्सचेंजला तो न लावताही लागू असतो.

आता परीक्षेत न विचारला जाणारा, पण कामाचा भाग. लॉक आयएनसी नवा आकडा सांगत नाही. हाती फक्त फ्लॅग राहतात: शून्य झाले का, उणे झाले का. कॅरी फ्लॅगला तर आयएनसी-डीईसी हातच लावत नाहीत. ‘शेवटचा होता का’ एवढेच हवे असेल तर लॉक डीईसी आणि लगेच जेझेड (शून्य असेल तर उडी) पुरे. नेमका आकडा हवा तर एक्सअ‍ॅड: रजिस्टरमध्ये १ भरा, लॉक एक्सअ‍ॅड करा, रजिस्टरमध्ये जुना आकडा येतो, नवा हवा तर त्यात एक मिळवा. वजा करायची वेगळी सूचना नाही, उणे एक भरून हीच वापरायची. एक्सअ‍ॅड ४८६ मध्ये आली, ३८६ मध्ये नव्हती. त्यामुळे विंडोज ९५ मध्ये इंटरलॉक्ड-इन्क्रिमेंट परत देत असलेल्या आकड्याचे फक्त चिन्ह भरवशाचे होते. नेमका आकडा विंडोज ९८ आणि एनटी ४.० पासून मिळू लागला.

सी मध्ये इनलाइन असेंब्ली लिहिणार असाल तर मेमरी ऑपरँडला ‘अधिक एम’ लावा. ‘बरोबर एम’ लावले तर कंपायलर समजतो की जुना आकडा कोणाला नको आहे, आणि त्याआधीचे लिहिणे खुशाल गाळतो. क्लॉबरमध्ये (ही असेंब्ली आणखी काय बदलते त्या यादीत) ‘मेमरी’ आणि ‘सीसी’ हवेत. खरे तर प्रात्यक्षिकाबाहेर हे लिहूच नये. जीसीसीचे ‘अ‍ॅटॉमिक-फेच-अ‍ॅड’ वापरा. निकाल न वापरता टाकून दिला तर कंपायलर स्वतःच साधी लॉक अ‍ॅड काढतो, वापरला तर एक्सअ‍ॅड.

वेर्णा : सी११ (सी भाषेचे २०११ चे मानक) चा अ‍ॅटॉमिक (अखंड) प्रकार वापरूनही मोजणी कमी येते. ओळ अशी: काउंट बरोबर काउंट अधिक एक.

ती ओळ म्हणजे एक अखंड वाचन आणि एक अखंड लेखन, मधली फट तशीच. काउंट++ किंवा ‘अधिक-बरोबर’ लिहा, ते मात्र पूर्ण अखंड असते. ६४ बिटांचा काउंटर ३२ बिटांच्या चिपवर लिंक करताना ‘अ‍ॅटॉमिक-फेच-अ‍ॅड-८ सापडत नाही’ असे आले तर लिनक्सवर लिबअ‍ॅटॉमिक जोडा. कॉर्टेक्स-एम० वर तर चार बाइटांसाठीही हीच तक्रार येते. तिथे ते फंक्शन इंटरप्ट बंद करून स्वतः लिहावे लागते.

मडगाव : रास्पबेरी पाय ३ वर ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय ६४ बिटांचे असेंब्ली लिहितो. एलडीएक्सआर, बेरीज, एसटीएक्सआर, आणि निकाल शून्य नसेल तर परत मागे. लूप कधी सुटतच नाही.

एमएमयू (मेमरीचे पत्ते व प्रकार ठरवणारा भाग) आणि डेटा कॅशे चालू केले आहेत का? बहुधा नाही. एलडीएक्सआर पत्त्यावर खूण ठेवते आणि खूण शाबूत असेल तरच एसटीएक्सआर लिहून शून्य देते, नाहीतर १. कॅशे होणाऱ्या मेमरीत ही खूण कॅशेची यंत्रणा सांभाळते. एमएमयू बंद असताना सगळे डेटा वाचन-लेखन डिव्हाइस मेमरीसारखे, कॅशेविना चालते आणि तिथे खूण सांभाळणारी यंत्रणा असलीच पाहिजे असे बंधन नाही. मग एसटीएक्सआर जन्मभर १ देत राहते. पेज टेबल (एमएमयूचा तक्ता) तयार करून रॅम ‘नॉर्मल, राइट-बॅक, इनर शेअरेबल’ अशी मांडा, एमएमयू आणि कॅशे चालू करा, मगच ही जोडी वापरा. तोवर बाकीचे तीन कोअर निजवून ठेवा आणि इंटरप्ट बंद करून साधी बेरीज करा.

एवढे करूनही अडकले तर डीबगरने एकेक पायरी चालत नाही ना, हे पाहा. प्रत्येक थांब्याला अपवाद येऊन खूण पुसली जाते. ब्रेकपॉइंट लूपच्या पुढे लावा. जोडीच्या मध्ये दुसरे मेमरी वाचन-लेखन किंवा फंक्शनची हाक नको. निकालाचे रजिस्टर डेटाच्या आणि पत्त्याच्या रजिस्टरपेक्षा वेगळे हवे.

एलडीअ‍ॅड ही एकाच सूचनेतली बेरीज आर्मव्ही८.१ पासून आहे. पाय ५ मध्ये ती चालते, पाय ३ आणि ४ मध्ये अवैध सूचना ठरते. जीसीसी १० पासून कंपायलर आपणहून मदतनीस फंक्शने घालतो, ती प्रोग्राम चालताना तपासून यांतले एक निवडतात. तुमच्या लिंकमध्ये ती नसतील तर ‘नो-आउटलाइन-अ‍ॅटॉमिक्स’ हा पर्याय द्या.

पर्वरी : आमच्या सर्व्हरमध्ये ऑब्जेक्टचे वापरकर्ते मोजणारा काउंटर आहे. अ‍ॅटॉमिक वजाबाकी करतो, पुढच्या ओळीत शून्य असेल तर फ्री (मेमरी परत सोडणे). आठवड्यातून एखाद्या वेळी डबल फ्री (तीच मेमरी दोनदा सोडणे) होऊन कोसळतो.

वजाबाकी अखंड आहे, पण निर्णय तुम्ही दुसऱ्यांदा वाचून घेता. काउंट २ आहे. पहिल्या थ्रेडने १ केला, दुसऱ्याने ० केला, आता दोघेही पुढच्या ओळीत वाचतात आणि दोघांनाही शून्य दिसते. निर्णय त्या वजाबाकीनेच परत दिलेल्या आकड्यावर घ्या. इथे एक खड्डा आहे: सी११ चे फेच-सब जुना आकडा देते, म्हणून तुलना १ शी. विंडोजचे इंटरलॉक्ड-डिक्रिमेंट नवा आकडा देते, म्हणून तुलना ० शी. लिनक्स कर्नलचे ‘डेक-अँड-टेस्ट’ थेट हो-नाही सांगते. एकीकडचा कोड दुसरीकडे उचलताना हीच तुलना चुकते, आणि मग एक वापरकर्ता शिल्लक असतानाच फ्री होते किंवा कधीच होत नाही.

दुसरे, मेमरीतल्या वाचन-लेखनाच्या क्रमाचे. वाढवताना ‘रिलॅक्स्ड’ (क्रमाची हमी नसलेले) चालते, कारण वाढवणाऱ्याच्या हातात आधीच एक हक्क असतो. वजा करताना ‘रिलीज’ हवे, म्हणजे या थ्रेडने ऑब्जेक्टमध्ये केलेले सगळे लिहिणे वजाबाकीच्या आधी पक्के होते. ज्याला जुना आकडा १ मिळाला त्याने फ्री करण्यापूर्वी ‘अ‍ॅक्वायर’ फेन्स (क्रम राखणारा अडसर) घालावा, म्हणजे इतरांचे ते लिहिणे त्याला दिसल्याखेरीज तो मेमरी सोडणार नाही. एक्स८६ वर लॉकवाली प्रत्येक सूचना पूर्ण अडसर असते, त्यामुळे ही चूक तिथे सहसा झाकली जाते. तोच कोड आर्मच्या सर्व्हरवर नेला की उघडी पडते.

तिसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सर्व्हर आहे म्हणजे ऑब्जेक्ट एखाद्या टेबलमधून शोधत असाल. शोधून मग काउंट वाढवता, तोवर तो शून्य होऊन फ्रीच्या वाटेवर असू शकतो. शून्यावरून एक करणे म्हणजे मेलेल्याला औषध पाजणे. तिथे ‘शून्य नसेल तरच वाढव’ असे हवे: आकडा वाचा, शून्य असेल तर ‘सापडले नाही’ म्हणून परता, नाहीतर कंपेअर-एक्सचेंजने एकने वाढवा, मध्ये कोणी बदलला असेल तर पुन्हा. आणि हा काउंट वाचत असताना ती मेमरीच गेलेली नको, म्हणून शोधणे ते वाढवणे एवढा भाग टेबलच्या लॉकखालीच ठेवा, आणि टेबलमधून काढणेही त्याच लॉकखाली.

एखाद्या चुकीच्या वाटेवर वजाबाकी राहून गेली तर काउंट वरवर चढत जातो. ही नुसती गळती समजू नका. लिनक्सच्या कीरिंगमधला (किल्ल्या सांभाळणाऱ्या भागातला) सीव्हीई-२०१६-०७२८ हा दोष असाच होता. ३२ बिटांचा काउंट मुद्दाम वाढवत नेऊन गुंडाळायचा, तो परत शून्यावर आला की वापरात असलेला ऑब्जेक्ट फ्री होतो. पुढे ४.११ मध्ये आलेला रेफकाउंट-टी प्रकार टोकाला पोचला की तिथेच अडकून राहतो. ऑब्जेक्ट गळेल, पण चोराच्या हाती लागणार नाही. तुमच्याकडेही वाढवताना मर्यादा तपासा.

पणजी : एकच काउंटर आठ थ्रेड वाढवतात. एका थ्रेडपेक्षा आठ थ्रेडना जास्त वेळ लागतो. मग प्रत्येकाला स्वतंत्र काउंटर दिला, आठ खान्यांचा अ‍ॅरे. तरी फरक नाही.

आठ बाइटांचे आठ खाने म्हणजे ६४ बाइट, बरोबर एक कॅशे लाइन किंवा फार तर दोन. व्हेरिएबल वेगळे झाले, लाइन तीच राहिली आणि ती कोअराकोअरांत फिरतच राहिली. प्रत्येक खाना ६४ बाइटांच्या सीमेवर अलाइन करा. १२८ बाइटांची लाइन असलेल्या चिपवर १२८. आता प्रत्येक खान्यावर लिहिणारा एकच असल्यामुळे फेच-अ‍ॅडचीही गरज नाही. रिलॅक्स्ड वाचन, बेरीज, रिलॅक्स्ड लेखन पुरते, लॉकचा खर्च वाचतो. प्रकार मात्र अ‍ॅटॉमिकच ठेवा, कारण बेरीज घेणारा थ्रेड त्याच वेळी वाचत असतो.

अशी बेरीज कोणत्याही एका क्षणाची नसते, पहिला खाना वाचून आठव्यापर्यंत पोचेस्तोवर पहिला पुढे गेलेला असतो. विनंत्या मोजायला ते चालते. शून्य झाले की फ्री करायचे असेल तिथे ही युक्ती वापरू नका, तिथे एकच काउंटर लागतो आणि त्याचा वेग सोसावा लागतो.